कार्डावर लिहिलंय तेवढंच : ‘मॅजिक’च्या नियमांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ ऑगस्ट १९९३मध्ये बाजारात आला. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने तो रचला आणि ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने छापला. पत्ते जमवायचे, एकमेकांत अदलाबदल करायचे आणि त्यांतूनच स्वतःचा डेक बांधून खेळायचं, ही तऱ्हा या खेळाने जगभर रुजवली. आज त्यात वीस हजारांहून अधिक वेगवेगळी कार्डं आहेत आणि अधिकृत नियमसंग्रह अडीचशे पानांच्या पुढे गेला आहे. २०१९मध्ये अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी एका शोधनिबंधात दाखवून दिलं, की या पत्त्यांची मांडणी ट्युरिंग यंत्रासारखी, म्हणजे संगणकाच्या गणिती नमुन्यासारखी, चालेल अशीही करता येते.

हे ऐकून नवा खेळाडू दबकतो. पण टेबलावर होणारे बहुतेक वाद मोजक्याच समजुतींतून उद्भवतात. कार्डावर नाव असतं, देखणं चित्र असतं. ते पाहून मनात एक गोष्ट तयार होते आणि ती गोष्टच नियम वाटू लागते. ‘जादूगार मेला, मग त्याचा मारा कसा पोचेल?’ हा प्रश्न गोष्टीचा आहे. नियम मात्र कार्डावरच्या शब्दांना बांधलेला असतो. हा फरक एकदा कळला, की पुढचे सगळे गैरसमज सुटायला लागतात.

गैरसमज १ : ज्याने आधी कार्ड टाकलं, त्याचं आधी घडतं.

वस्तुस्थिती : नेमकं उलट. १९९९मध्ये ‘सिक्स्थ एडिशन’सोबत मॅजिकमध्ये ‘स्टॅक’ची पद्धत आली. टाकलेला स्पेल, म्हणजे जादूचं कार्ड, लगेच लागू होत नाही. तो स्टॅकवर जातो. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्याने काही टाकलं, तर ते त्याच्या वर बसतं. ताटांच्या चवडीतून वरचं ताट आधी उचलावं, तसं सर्वांत शेवटी आलेलं सर्वांत आधी पार पडतं. दोन्ही खेळाडूंनी लागोपाठ ‘मला काही करायचं नाही’ म्हटलं, की फक्त वरची एक गोष्ट पार पडते आणि पुन्हा दोघांना संधी मिळते.

उदाहरण घेऊ. तुमच्याकडे ‘ग्रिझली बेअर्स’ हे क्रीचर आहे, पॉवर (मारण्याची ताकद) २ आणि टफनेस (सोसण्याची ताकद) २. समोरच्याने त्यावर ३ डॅमेज देणारा ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकला. तुम्ही उत्तरादाखल ‘जायंट ग्रोथ’ टाकलात, म्हणजे त्या फेरीपुरते +३/+३. जायंट ग्रोथ आधी पार पडतो, अस्वल ५/५ होतं, मग बोल्टचे ३ लागतात आणि ते वाचतं. आता क्रम फिरवून पाहा. तुम्ही आधी जायंट ग्रोथ टाकलात आणि त्याला उत्तर म्हणून समोरच्याने बोल्ट टाकला. बोल्ट आधी लागतो, २/२चं अस्वल मरतं आणि जायंट ग्रोथ टार्गेट न उरल्यामुळे काहीही न करता ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या चवडीत जातो. कार्डं तीच, निकाल वेगळा. म्हणूनच घाईने पहिला वार करण्यापेक्षा थांबून उत्तर देणं अनेकदा फायद्याचं ठरतं.

याच उदाहरणात आणखी एक शंका हमखास येते : फेरी संपताना +३/+३ उतरेल, मग ३ डॅमेज लागलेलं अस्वल तेव्हा मरेल ना? नाही. फेरीच्या शेवटच्या टप्प्यात क्रीचरवरचं डॅमेज पुसलं जाणं आणि ‘फेरीपुरते’ इफेक्ट संपणं, या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात. अस्वल पुन्हा धडधाकट २/२ होतं.

गैरसमज २ : क्रीचर मारलं की त्याने वापरलेली अ‍ॅबिलिटीही रद्द होते.

वस्तुस्थिती : ‘प्रॉडिगल सॉर्सरर’ला टॅप करून, म्हणजे कार्ड आडवं करून, १ डॅमेज देता येतं. समोरच्याने त्याला टॅप केलं आणि तुम्ही उत्तरादाखल बोल्टने त्याला मारलंत, तरी ते १ डॅमेज येणारच. अ‍ॅबिलिटी एकदा स्टॅकवर गेली, की ती ज्या कार्डातून निघाली त्याच्या जगण्यामरण्याशी तिचा संबंध उरत नाही.

इथे मोबदला आणि परिणाम यांतली रेषा ओळखायला हवी. इंग्रजी मजकुरात अपूर्णविरामाच्या आधी जे लिहिलेलं असतं, तो मोबदला : टॅप करणं, माना (जादूची ऊर्जा) देणं, एखादं क्रीचर बळी देणं. मोबदला चुकता होत असताना कुणालाही मध्ये पडता येत नाही. ‘तू क्रीचर बळी देण्याआधी मी ते मारतो’ असं म्हणून ती अ‍ॅबिलिटी अडवता येत नाही, कारण उत्तर देण्याची संधी मिळते तोवर मोबदला चुकता झालेला असतो. अशा सॉर्सररचा काटा काढायचा असेल, तर तो आलेल्या फेरीपासून समोरच्याची पुढची फेरी सुरू होईपर्यंतचा काळ उत्तम. त्या काळात त्याला स्वतःला टॅप करून उत्तर देता येत नाही. असं का, ते पुढच्या गैरसमजात.

गैरसमज ३ : नुकतंच आलेलं क्रीचर काहीच करू शकत नाही.

वस्तुस्थिती : खेळाडू ज्याला ‘समनिंग सिकनेस’ म्हणतात, तो नियम फक्त दोन गोष्टी रोखतो. क्रीचर तुमच्या सर्वांत अलीकडच्या फेरीच्या सुरुवातीपासून सतत तुमच्या ताब्यात नसेल, तर ते अटॅक करू शकत नाही आणि ज्या अ‍ॅबिलिटीच्या मोबदल्यात टॅपचं चिन्ह आहे ती वापरू शकत नाही. समोरच्याच्या फेरीत ते खुशाल ब्लॉक करू शकतं. मोबदल्यात नुसता माना मागणारी अ‍ॅबिलिटीही लगेच चालते. जे आर्टिफॅक्ट क्रीचर नाही, त्याला हा नियम लागूच नाही. शिवाय ब्लॉक जाहीर झाल्यावर ब्लॉकरला टॅप केलं, तरी ब्लॉक सुटत नाही आणि तो आपलं डॅमेजही देतोच.

गैरसमज ४ : संरक्षण असलेल्या क्रीचरला कुणी हात लावू शकत नाही.

वस्तुस्थिती : मॅजिकमध्ये सरसकट संरक्षण नसतं. प्रत्येक शब्द ठरावीक गोष्टींपासूनच वाचवतो.

‘हेक्सप्रूफ’ असलेलं क्रीचर प्रतिस्पर्ध्याच्या स्पेलचं किंवा अ‍ॅबिलिटीचं टार्गेट होऊ शकत नाही, इतकंच. ‘राथ ऑफ गॉड’ सगळ्याच क्रीचरना नष्ट करतो. त्याच्या मजकुरात ‘टार्गेट’ हा शब्द नाही, त्यामुळे हेक्सप्रूफ तिथे निरुपयोगी.

‘प्रोटेक्शन’ चार गोष्टी अडवतं : त्या रंगाचं किंवा प्रकारचं डॅमेज, त्याचे ऑरा आणि इक्विपमेंट जोडले जाणं, त्याच्या क्रीचरने ब्लॉक करणं आणि त्याचं टार्गेट होणं. १९९३च्या पहिल्या संचातल्या ‘व्हाइट नाइट’ला काळ्या रंगापासून प्रोटेक्शन आहे. ‘डॅम्नेशन’ हे काळं कार्ड सगळी क्रीचर नष्ट करतं. त्यात नाइट मरतो का? मरतो. डॅम्नेशन डॅमेज देत नाही, टार्गेट करत नाही, कशाला चिकटत नाही आणि ब्लॉकही करत नाही. चारही दारांवर पहारा आहे, पण हा स्पेल पाचव्या दाराने येतो.

‘इनडिस्ट्रक्टिबल’ क्रीचर ‘नष्ट करा’ म्हणणाऱ्या इफेक्टने किंवा प्राणघातक डॅमेजने नष्ट होत नाही. पण टफनेस शून्यावर आणला तर ते ग्रेव्हयार्डमध्ये जातं. ‘डायबॉलिक एडिक्ट’ खेळाडूला टार्गेट करून त्याला एक क्रीचर बळी द्यायला लावतो. त्या खेळाडूकडे ते एकच क्रीचर असेल, तर इनडिस्ट्रक्टिबलही नाही आणि हेक्सप्रूफही नाही, काहीच कामाला येत नाही.

गैरसमज ५ : टफनेसइतकं डॅमेज लागलं की क्रीचर त्याच क्षणी मरतं.

वस्तुस्थिती : क्रीचर मेलं का, हे स्पेल पूर्ण पार पडल्यानंतर खेळ स्वतः तपासतो. ही तपासणी स्टॅकवर जात नाही आणि तिला कुणी उत्तरही देऊ शकत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २००७च्या ‘फ्यूचर साइट’ संचातलं ‘टार्मोगॉइफ’. सगळ्या ग्रेव्हयार्डमध्ये मिळून कार्डांचे जितके प्रकार असतील तितकी त्याची पॉवर, आणि त्याहून एक जास्त टफनेस. समजा ग्रेव्हयार्डमध्ये फक्त क्रीचर आणि लँड (माना देणारी जमीन) हे दोनच प्रकार आहेत. म्हणजे ते २/३ आहे. त्यावर बोल्ट टाकला, ३ डॅमेज लागलं. पण पार पडलेला बोल्ट तपासणीआधीच ग्रेव्हयार्डमध्ये जातो आणि तो इन्स्टंट असल्यामुळे तिथे तिसरा प्रकार जमा होतो. तपासणी होते तेव्हा टार्मोगॉइफ ३/४ असतं आणि जगतं.

गैरसमज ६ : दोन कार्डांत विरोध आला तर शेवटी आलेलं जिंकतं.

वस्तुस्थिती : कधी कधी तसं होतं, नेहमी नाही. चालू असलेले इफेक्ट एकमेकांवर कसे बसतात यासाठी नियमांमध्ये सात थर आहेत. एकाच थरात साधारणपणे आधी आलेला इफेक्ट आधी लागतो. पण एका इफेक्टमुळे दुसऱ्याचं अस्तित्वच बदलणार असेल, तर काळाचा क्रम बाजूला ठेवला जातो.

‘ब्लड मून’ म्हणतं : बेसिक नसलेल्या सर्व लँड या माउंटन आहेत. ‘अरबोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ’ ही लँड म्हणते : प्रत्येक लँड इतर प्रकारांबरोबरच स्वॅम्पही आहे. अरबोर्ग स्वतः बेसिक नाही. ब्लड मूनमुळे ती नुसती माउंटन होते आणि स्वतःची अ‍ॅबिलिटी गमावते. म्हणून कुठलंही कार्ड आधी आलेलं असो, ब्लड मून आधी लागतं आणि अरबोर्गमुळे एकही लँड स्वॅम्प होत नाही.

एक कार्ड ‘करता येईल’ म्हणतं आणि दुसरं ‘करता येणार नाही’ म्हणतं, तेव्हाचा नियम त्याहून सोपा आहे : मनाई जिंकते. एका कार्डाने जादा लँड खेळायची मुभा दिली आणि दुसऱ्याने लँड खेळायलाच बंदी केली, तर लँड खेळता येत नाही.

गैरसमज ७ : हातातल्या कार्डावर छापलेला मजकूर अंतिम.

वस्तुस्थिती : अंतिम असतो तो त्या कार्डाचा आजचा अधिकृत मजकूर. त्याला ‘ओरॅकल’ म्हणतात आणि तो ‘गॅदरर’ या अधिकृत संग्रहात पाहता येतो. १९९३च्या ‘काउंटरस्पेल’वर प्रकार म्हणून ‘इंटरप्ट’ छापलेलं आहे. आज तो प्रकारच नाही, ते कार्ड इन्स्टंट आहे. नियमही बदलतात. न वापरलेल्या मानामुळे जीव कमी होण्याचा ‘माना बर्न’चा नियम आणि लढाईतलं डॅमेज स्टॅकवर ठेवण्याची पद्धत, दोन्ही २००९मध्ये बंद झाल्या. जुन्या खेळाडूने ठामपणे सांगितलेला नियम त्या काळी खरा असू शकतो आणि आज चुकीचा.

म्हणून नव्या खेळाडूने अडीचशे पानं पाठ करायची गरज नाही. वाद झाला की कार्ड मोठ्याने वाचा आणि चार प्रश्न विचारा. यात ‘टार्गेट’ हा शब्द आहे का? हा मोबदला आहे की परिणाम? आत्ता स्टॅकवर सर्वांत वर काय आहे? आणि या कार्डाचा आजचा मजकूर काय? बहुतेक वाद इथेच मिटतात. तरीही अडलं आणि तुम्ही स्पर्धेत असाल, तर हात वर करून जजला बोलवा. जजला बोलावणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं नव्हे. जज त्यासाठीच तिथे असतात. आणि तुमच्या टेबलावर कुणी नवा खेळाडू बसला, तर त्याला निकाल सांगून थांबू नका, तो निकाल कार्डावरच्या कुठल्या शब्दामुळे लागला तेही दाखवा.