गव्हाण थांबते तेव्हा : पी.एल.सी.तील बिघाड कसा शोधतात



गळीत हंगामात यार्डात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या रांगेत एक वाक्य हमखास कानी पडते. घाटावरचा वाहतूकदार म्हणतो, "कॉम्प्युटर बिघडलाय म्हणं." वैभववाडीकडून घाट चढून आलेला म्हणतो, "कॉम्प्युटर बिघाडलो वाटता, आता काय खरा नाय." दोघांचाही जीव गाडीतल्या उसात अडकलेला असतो. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजनात घटतो आणि त्यातील साखरही कमी होऊ लागते. तोडणीपासून २४ तासांच्या आत तो गव्हाणीत पडला तर उत्तम. करूळ किंवा भुईबावडा घाटाने ऊस वर आणणाऱ्या आपल्या सभासदाचा त्यातला बराच वेळ वाटेतच जातो. शिवाय २००९ पासून उसाची एफ.आर.पी. साखर उताऱ्याशी जोडलेली आहे. म्हणजे रांगेतल्या उसाचे नुकसान अखेर साऱ्या सभासदांच्या दरात उतरते.

तेव्हा हा 'कॉम्प्युटर' आहे तरी काय, तो बिघडतो म्हणजे नेमके काय होते आणि आपले कामगार बिघाड कसा शोधतात, हे सभासदांना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

या यंत्राचे खरे नाव प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, थोडक्यात पी.एल.सी. पूर्वी कारखान्यातील मोटारी क्रमाने चालू-बंद करण्याचे काम रिले करीत. एका पॅनेलमध्ये शेकडो रिले आणि वायरींचे जंगल. क्रम बदलावयाचा झाला की वायरमनने दिवस दिवस वायरी सोडावयाच्या आणि पुन्हा जोडावयाच्या. मोटार उद्योगात तर दर नव्या मॉडेलला हीच रड होती. म्हणून १९६८ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने रिलेंऐवजी दुसरे काही तरी हवे अशी मागणी केली आणि १९६९ मध्ये डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मोडिकॉन ०८४' हे यंत्र पुढे आणले. वायर न बदलता केवळ प्रोग्रॅम बदलून काम बदलता येऊ लागले. प्रोग्रॅमची आखणी मुद्दामच रिलेच्या नकाशासारखी, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे ठेवली, की जेणेकरून वायरमनलाही ती वाचता यावी.

पी.एल.सी.चे काम तीन टप्प्यांचे. बाहेरून आलेली खबर वाचावयाची, प्रोग्रॅमप्रमाणे निर्णय करावयाचा आणि मोटारीला किंवा व्हॉल्व्हला हुकूम द्यावयाचा. हे चक्र एका सेकंदात कित्येक वेळा फिरते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पी.एल.सी.ला स्वतःचे डोळे नाहीत. ती पॅनेलमध्ये बसलेली असते, आणि गव्हाणीवर काय चालले आहे ते तिला सेन्सर आणि वायर सांगतील तेवढेच कळते. घरातल्या आंधळ्या आजोबांना अंगणात कोण आले ते नातवंडाने सांगावे, तसा हा प्रकार. नातवाने चुकीचे सांगितले तर आजोबांचा निर्णय चुकणारच. म्हणूनच अनुभवी माणसे म्हणतात की पी.एल.सी. स्वतः क्वचितच बिघडते. बिघाड बहुधा बाहेर, म्हणजे सेन्सर, वायर, टर्मिनलचा स्क्रू, फ्यूज, कॉन्टॅक्टर अशा ठिकाणी असतो.

एक उदाहरण घेऊ. ऊस गव्हाणीतून कटर आणि फायबरायझरकडे जातो, तेथून रेक कॅरिअरने वर चढून पहिल्या मिलच्या डोनेली चूटमध्ये पडतो. या चूटमध्ये उसाची पातळी सांगणारे सेन्सर बसवलेले असतात. चूट भरली की पी.एल.सी. गव्हाणीचा वेग कमी करते, रिकामी होऊ लागली की वाढवते. रेक कॅरिअर थांबला तर मागची गव्हाणही थांबलीच पाहिजे, नाही तर उसाचा ढीग लागून सारेच चोंदते. अशा एकमेकांत गुंतवलेल्या अटींना इंटरलॉक म्हणतात.

समजा, रात्री दोन वाजता गव्हाण थांबली. मोटार ठीक, वीज आहे, पण गव्हाण हलत नाही. पाळीचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक प्रथम काय पाहतो? अलार्मची यादी. एक यंत्र थांबले की मागोमाग दहा अलार्म वाजतात. त्यांतला वेळेने पहिला कोणता, हे महत्त्वाचे. बाकीचे त्याची पिलावळ. मग तो ऑपरेटरला विचारतो, थांबण्यापूर्वी काय केले होते? धुलाई झाली होती का, कुठे वेल्डिंग चालले होते का, एखादी मोटार बदलली होती का? निम्मा शोध या विचारपुशीतच लागतो.

यानंतर पॅनेल उघडून दिवे पाहावयाचे. सप्लायचा दिवा, 'रन'चा दिवा, 'फॉल्ट'चा दिवा आणि बॅटरीचा दिवा. कंट्रोल सप्लाय बहुधा २४ व्होल्ट डी.सी. असतो. तो मीटरवर मोजूनच खात्री करावी, नुसत्या दिव्यावर विसंबू नये. 'रन' लागलेला असून 'फॉल्ट' नसेल तर पी.एल.सी. बहुधा धडधाकट आहे असे समजून बाहेरच्या वाटेला लागावे.

प्रत्येक इनपुटला आणि प्रत्येक आउटपुटला पॅनेलवर एक बारीक दिवा असतो. हे दिवे म्हणजे बिघाड शोधणाऱ्याचे पंचांगच. आउटपुटचा दिवा लागला आहे, म्हणजे पी.एल.सी.ने हुकूम दिला आहे, पण मोटार फिरत नाही, तर दोष त्यापुढे : फ्यूज, रिले, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, किंवा कुणी तरी जागेवरचा स्विच 'मॅन्युअल'ला ठेवला आहे. आउटपुटचा दिवाच लागलेला नाही, तर हुकूमच सुटलेला नाही. मग लॅपटॉपवर शिडी उघडून कोणती पायरी अडली आहे ते पाहावयाचे. आपल्या उदाहरणात पायरी अडली आहे 'चूट भरली' या अटीवर. पण मिलवरचा माणूस ओरडून सांगतो की चूट तर रिकामी आहे! जाऊन पाहावे तो सेन्सरच्या दांड्यावर ओल्या चोथ्याचा गोळा चिकटलेला. चोथा पुसला, दिवा विझला, गव्हाण चालू. पी.एल.सी.ने आपले काम चोख केले होते, तिला खबरच खोटी मिळाली होती.

पातळी, दाब, तापमान, सामू अशा कमी-जास्त होणाऱ्या मापांसाठी आणखी एक नामी सोय आहे. अशी मापे वायरीतून ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाने पाठवितात. बॉयलरच्या ड्रममधील पाण्याचे मोजमाप शून्यावर असेल तर ४, अर्ध्यावर असेल तर १२, पूर्ण असेल तर २०. शून्य मापालाही ४ का, शून्यच का नाही? कारण वायर तुटली तर प्रवाह शून्य होतो. मापच शून्याला शून्य धरले असते तर पाणी आटले की वायर तुटली हे कळले नसते. मीटरवर शून्य आले की मेकॅनिक ड्रमकडे नव्हे, प्रथम वायरीकडे आणि सप्लायकडे वळतो. मात्र खात्री होईपर्यंत काचेच्या गेजवर पाणी डोळ्यांनी पाहणे सोडावयाचे नाही. रसाच्या सामूचेही तसेच. शुद्ध केलेल्या रसाचा सामू ७ च्या आसपास राखावा लागतो. तो खाली गेला तर साखरेचे विघटन होते, फार वर गेला तर रंग बिघडतो. इलेक्ट्रोडवर चुन्याची पुटे चढली की माप चुकते आणि पी.एल.सी. बिचारी चुकीच्या मापावर चुना सोडीत राहते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गव्हाण थांबली, रांग वाढली, केन यार्डातून फोनवर फोन येऊ लागले, की कुणी तरी म्हणतोच, "अरे, जंपर मार आणि चालू कर." जंपर म्हणजे सेन्सरच्या दोन वायरी एकत्र जोडून पी.एल.सी.ला 'सगळे ठीक आहे' असे खोटेच सांगणे. लॅपटॉपवरून हेच 'फोर्स' करूनही होते. गव्हाण चालू होते, शाबासकीही मिळते. पण बॅच सेंट्रीफ्युगलचा विचार करा. साखर वेगळी करण्यासाठी त्याची टोपली मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते. साखर खरडणारे पाते मागे, आपल्या जागी गेले आहे अशी खबर सेन्सरने दिल्याशिवाय टोपलीला वेग द्यावयाचा नाही, अशी अट असते. या सेन्सरला जंपर मारला आणि पाते आतच राहिले तर काय होईल, हे सांगावयास इंजिनिअर नको. बॉयलरच्या कमी पाण्याच्या ट्रिपचे आणि गव्हाणीलगतच्या दोरीच्या आपत्कालीन स्विचचेही तेच. तेथे आपलीच मुले, आपल्याच गावची माणसे पाळीवर असतात. उसाचे नुकसान हिशेबात भरून निघते, हाताचे निघत नाही.

म्हणून शिस्त अशी हवी की सुरक्षेच्या इंटरलॉकला कुणीही, कुणाच्याही सांगण्यावरून जंपर मारू नये. इतर ठिकाणी अगदीच गरज पडली तर चीफ इंजिनिअरच्या लेखी परवानगीने, नोंदवहीत वेळ आणि कारण लिहून, आणि काम होताच काढून टाकावा. नोंद न केलेला जंपर म्हणजे पुढच्या पाळीसाठी पेरलेला सुरुंग. आणि रांगेतल्या आपण सर्वांनी ध्यानात घ्यावे की "लवकर चालू करा" हा आपला तगादाच पुष्कळदा त्या जंपरचे कारण ठरतो. बिघाड क्रमाने शोधणाऱ्या माणसाला अर्धा तास निवांत मिळाला तर तीच गोष्ट त्या रात्री तीनदा थांबत नाही.

बिघाडांची खरी पेरणी मात्र पावसाळ्यात होते. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि खालून चढणारी दमट हवा आपणांस नवी नाही. कारखाना बंद असतो त्या महिन्यांत थंड पॅनेलमध्ये ओल धरते, टर्मिनलवर हिरवट गंज चढतो, उंदीर केबली कुरतडतात, मुंग्या रिलेत घर करतात. म्हणून पॅनेलची दारे आणि केबलची भोके घट्ट बंद ठेवणे, आत लहान हीटर किंवा ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवणे, अर्थिंग मोजणे, प्रत्येक स्क्रू आवळणे, ही ओव्हरहॉलिंगची कामे रोलर-बेअरिंगइतकीच महत्त्वाची आहेत. जुन्या मॉडेलांत प्रोग्रॅम बॅटरीवर जपलेला असतो. बॅटरी संपली आणि वीज गेली की प्रोग्रॅमही गेला! ती मुदतीत बदलावी.

येथे सहकाराचाही एक प्रश्न आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो उसाचा मालक हाच कारखान्याचा मालक व्हावा म्हणून. आज यंत्र आपले, पण त्याचा प्रोग्रॅम आणि पासवर्ड बसवून देणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये, असे असेल तर मालकी अर्धीच म्हणावी लागेल. ऐन हंगामात तो माणूस गावाहून येईपर्यंत गाड्या उभ्याच राहणार.

तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी चार गोष्टी जरूर विचाराव्यात. प्रत्येक पी.एल.सी.च्या चालू प्रोग्रॅमची प्रत, खुलाशांसह आणि पासवर्डसह, कारखान्याच्या ताब्यात आहे काय? पॅनेलचे नकाशे आजच्या जोडणीप्रमाणे दुरुस्त केलेले आहेत काय? सेन्सर, सप्लाय आणि कार्डे यांचा एकेक सुटा नग स्टोअरमध्ये आहे काय? आणि जंपरची नोंदवही कोण तपासतो? त्याबरोबरच आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियन वा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या आपल्या भागातील, वैभववाडीकडच्याही, मुलांना हंगामापूर्वीच पाळीवर घेऊन, जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली ही दिव्यांची भाषा शिकवावी, अशी सूचनाही मांडावी.

यार्डात पुन्हा कुणी म्हणालाच की "कॉम्प्युटर बिघाडलो", तर त्याला एवढेच विचारावे : पहिला अलार्म कोणता आला होता?