श्यामसाठी एक गाणं: कोट, पितांबर आणि आपल्या कुडाळचा संगीतकार

मागच्या भागात ठरलं होतं, शाळेत असताना वाचलेल्या पुस्तकातलं एक पात्र निवडायचं आणि त्याला एक गाणं द्यायचं. मी घेतला 'श्यामची आई'मधला श्याम. हसू नका! साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेलं पुस्तक. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. म्हणजे पॉडकास्टचा अख्खा सीझनच की.

पहिला प्रयत्न मी इंजिनिअरसारखा केला. पात्राला टॅग लावले: आई, गरिबी, रडू. तेच ॲपमध्ये टाकले. आली सगळी आईची गाणी, एकाहून एक रडकी. त्यातलं कुठलंही गाणं कुठल्याही मुलाला चाललं असतं. म्हणजे ते श्यामचं नव्हतंच.

मग उलटा विचार केला. श्यामला काय वाटतं ते बाजूला ठेवलं आणि तो करतो काय ते बघितलं. 'बंधुप्रेमाची शिकवण' ही रात्र काढा. श्याम दापोलीला शिकतोय, घरी धाकट्या भावाचा कोट फाटलाय. हा खाऊचे पैसे साठवतो, भावासाठी नवा कोट शिवून घेतो आणि गणपतीला पावसातून पालगडला घेऊन जातो. आणखी एक प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागायला नको म्हणून श्याम हटून बसतो, आणि आई आपले ओचे धोंड्यावर पसरते. (ओचे म्हणजे लुगड्याचा पुढे खोचलेला भाग. आजीला विचारा, नीट सांगेल.) दोन्हीकडे माया कापडातून येते, बघा.

आता कापड आणि भावंडं असं शोधलं की कुठलं गाणं समोर येतं? 'भरजरी गं पितांबर'. कृष्णाचं बोट कापलंय, चिंधी हवी आहे. सख्ख्या सुभद्रेला आपली भारी वस्त्रं फाडवत नाहीत, मानलेली बहीण द्रौपदी मात्र अंगावरचं पितांबर फाडून देते.

इथे मी जरा ओशाळलो. कारण हे गाणं १९५३च्या 'श्यामची आई' चित्रपटातलंच आहे! आचार्य अत्र्यांचा चित्रपट, गीतही त्यांचं, आवाज आशा भोसलेंचा. मी दोन रात्री घालवून जे शोधलं ते त्यांनी सत्तर वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं. आणि संगीत वसंत देसाईंचं, म्हणजे आपल्या कुडाळजवळच्या सोनवड्याचे. 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना शाळेत म्हटली असेल ना? ती चालही त्यांचीच.

मित्राने शंका काढली: गाण्यात राणी आणि देव, पुस्तकात कर्जात बुडालेलं घर, जुळतं कुठे? मला तर ते तिथेच जुळतं. श्यामच्या घरात भरजरी काही नव्हतं. त्याच्याकडे फाडायला होते ते खाऊचे पैसे.

हे गाणं मला एवढं का लागलं, तेही सांगतो. गेल्या गणपतीत रिलीज होती, सुट्टी मिळाली नाही. भावाला ऑनलाइन शर्ट पाठवला, तो पोचला विसर्जनानंतर, आणि दोन मापं मोठा. यंदा तिकीट काढलंय. शर्ट पिशवीतून आणतोय, माप आईने फोनवर दिलंय. त्याला सांगू नका हां. तो हा पॉडकास्ट ऐकत नाही, तरी पण.