ग्रेपनेट होतं, तरी २०१० मध्ये नाशिकची द्राक्षं युरोपात का अडकली?

महागडं सॉफ्टवेअर घेतलं की कंपनीचं काम आपोआप सुधारतं, असं अनेकांना वाटतं. द्राक्ष निर्यातीत मात्र वेगळाच अनुभव आला.

ग्रेपनेट म्हणजे काय?

'अपेडा' या केंद्र सरकारच्या संस्थेने २००६ मध्ये ही ऑनलाइन सिस्टीम सुरू केली. युरोपला माल पाठवायचा तर आधी कृषी खात्याकडे प्लॉटची नोंदणी, मग लॅबमध्ये फवारणीच्या अंशांची तपासणी, मग पॅकहाऊस आणि शेवटी प्रमाणपत्र. रिपोर्ट नापास झाला, तर त्या प्लॉटचं काम तिथेच थांबतं. पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो.

मग २०१० मध्ये काय बिघडलं?

वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरत होते. युरोपात त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. माल अडकला, निर्यातदार आणि शेतकरी दोघांनाही मोठा फटका बसला.

सॉफ्टवेअर तर नीट चालू होतं. पण लॅबने तपासायच्या यादीत हे रसायनच नव्हतं! जे विचारलंच नाही, त्याचं उत्तर कॉम्प्युटर कुठून देणार? पुढे ते यादीत घेतलं गेलं.

तुमच्या कंपनीसाठी यात काय?

सॉफ्टवेअर घेण्याआधी काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते जागेवर जाऊन बघा. कामाची पद्धत बदलली की सिस्टीम कोण बदलणार, हेही तेव्हाच ठरवा. नाहीतर स्क्रीनवर सगळं हिरवं दिसेल आणि माल बंदरात अडकलेला असेल.