जुना संगणक आणि नवी कार्यप्रणाली

संगणकाची सर्व अंगे धडधाकट असूनही तो निरुपयोगी ठरू शकतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य संपले. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० नावाच्या सुरक्षाघटकाची अपेक्षा करते. तो नसलेली, परंतु एरवी उत्तम चालणारी यंत्रे त्यामुळे मागे पडली. अशा यंत्रावर लिनक्सवर आधारलेली एखादी मुक्त कार्यप्रणाली बसविणे हा एक मार्ग होय. मात्र तेथेही कधी पडदा काळा पडतो, कधी वायफाय सापडत नाही, तर कधी प्रणाली सुरूच होत नाही. ही लक्षणे निरनिराळी असली, तरी त्यांच्या मुळाशी असलेली कारणे थोडीच आहेत.

यंत्राची ओळख कशी पटते?

संगणकात जोडलेल्या बहुतेक उपकरणांना दोन क्रमांक असतात : एक उत्पादकाचा व दुसरा नमुन्याचा. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ हा आहे. १९७८ सालच्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावही हेच. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, हे क्रमांक वाचतो व त्यांच्याशी जुळणारा ड्रायव्हर कामास लावतो. जुळणी झाली नाही, तर उपकरण मुके राहते. पण ते बिघडलेले असतेच असे नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘काय चालत नाही?’ हा नसून ‘जे चालत नाही, त्याचा क्रमांक कोणता?’ हा असावयास हवा. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा असे क्रमांक दाखविते.

असूनही न सांगितलेला गुण

प्रोसेसरची अडचण अधिक मूलभूत असते. ३२ बिटी प्रोसेसर साधारणपणे ४ गिगाबाइट स्मृतीपर्यंतच पोहोचू शकतो. पीएई ह्या योजनेत पत्ता ३६ बिटांचा होतो व ही मर्यादा ६४ गिगाबाइटपर्यंत जाते. २०१२ मध्ये निघालेल्या उबुंटू १२.१० ह्या आवृत्तीपासून त्या प्रणालीचा ३२ बिटी गाभा पीएईवाचून चालेनासा झाला. त्यामुळे २००३ मध्ये आलेल्या पेंटियम एम प्रोसेसरचे पहिले नमुने असलेले लॅपटॉप ‘ह्या प्रोसेसरात पीएई नाही’ असा संदेश देऊन थांबत.

वस्तुतः त्या प्रोसेसरांत पीएई होते. आपल्या गुणांच्या यादीत मात्र ते त्याची नोंद दाखवीत नसत. पुढे गाभ्याला ‘फोर्सपीएई’ हा शब्द सांगण्याची सोय झाली आणि तीच यंत्रे चालू लागली. म्हणजे ‘नाही’ ह्या संदेशाचा अर्थ कधीकधी ‘सांगितलेले नाही’ एवढाच असतो. परंतु जो गुण खरोखरच नाही, तो कोणत्याही शब्दाने निर्माण होत नाही. ३२ बिटी प्रोसेसरावर ६४ बिटी प्रणाली बसणार नाही. त्याकरिता ३२ बिटी आवृत्ती पुरविणारी प्रणालीच शोधावी लागते.

पडदा, वायफाय व घड्याळ

पडदा काळा राहिल्यास बहुधा चित्रदर्शक घटकाचा ड्रायव्हर जुळलेला नसतो. आरंभीच्या यादीत ‘ई’ ही कळ दाबून, गाभा सुरू करणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहिल्यास गाभा चित्राची मांडणी बदलण्याचे टाळतो व साधे चित्र दिसू लागते. हा उपाय तात्पुरता आहे. योग्य ड्रायव्हर मिळताच तो शब्द काढून टाकावा.

वायफायच्या बाबतीत ड्रायव्हर असतो, पण उपकरणात भरावयाचे फर्मवेअर नसते, असे पुष्कळदा घडते. काही उत्पादक ते मुक्त परवान्याने देत नाहीत, म्हणून डेबियनच्या अधिकृत संचात ते पूर्वी नसे; २०२३ च्या डेबियन १२ पासून ते समाविष्ट झाले. ते नसल्यास तारेने जाळे जोडावे, अथवा मोबाइल फोन यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि फर्मवेअर उतरवून घ्यावे.

एक क्षुल्लक वाटणारे कारणही तपासावे. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की त्याचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. मग सुरक्षेची प्रमाणपत्रे ‘अद्याप लागू झालेली नाहीत’ असे ठरून आज्ञावल्या उतरत नाहीत. दोष जाळ्याचा भासतो, पण तो असतो तारखेचा.

तपासणीचा क्रम

डिस्कवरील मजकूर एकदा पुसला गेला, की तो परत मिळेलच असे नाही. म्हणून प्रथम कागदपत्रे व छायाचित्रे ह्यांची प्रत दुसरीकडे ठेवावी. नंतर प्रणाली पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून पाहावी. पडदा, आवाज, वायफाय व झोपमोड ही एकेक करून तपासावी. एका वेळी एकच बदल करावा व तो लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केल्यास कोणत्या उपायाने गुण आला, हे कळत नाही.

एवढे करूनही एखादे वायफाय कार्ड मुकेच राहिले, तर लिनक्सला परिचित असलेले लहान यूएसबी उपकरण त्याची जागा घेऊ शकते. एका अंगाच्या अडचणीसाठी सगळे यंत्र भंगारात टाकण्याचे कारण नसते. जे यंत्र अशा रीतीने वाचते, ते एखाद्या शाळेत वा वाचनालयात आणखी काही वर्षे काम देते, आणि तितकाच विषारी कचरा जमिनीवर पडावयाचा राहतो.