शेततळ्यात मासे, माशांच्या पाण्यावर पीक

२०१२ चा दुष्काळ कसा काढला, ते जालन्यात कुणालाही विचारा. त्या वर्षीही जिल्ह्यातल्या कडवंची गावच्या द्राक्षबागा तगल्या. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने गावाने केलेली बांधबंदिस्ती आणि शिवारभर झालेली शेततळी, ही त्यामागची कमाई.

आता माझा लाडका विषय : त्याच तळ्यात मासे. अ‍ॅक्वापोनिक्सचा (टाकीत मासे, त्यांच्याच पाण्यावर भाजी) गावरान भाऊच म्हणा ना!

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. तो साचला तर मासेच मरतात. पण पाण्यातले काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. ते पिकाला हवंच असतं. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये टाकीतलं पाणी खडीच्या वाफ्यातून फिरतं, मुळं नायट्रेट उचलतात, पाणी परत टाकीत. पालक, पुदिना, कोथिंबीर झकास येते. नव्या टाकीत जिवाणू बसायला महिना-दीड महिना जातो. तोवर मासे मोजकेच ठेवा.

पण यात खरी गोम विजेची. टाकीत हवा सोडणारा एअर पंप बंद पडला की दाट सोडलेले मासे बघता बघता पाण्यावर तोंड काढून गटागटा हवा घेऊ लागतात. आपल्याकडची लाईट तुम्हाला माहीत आहेच. म्हणून मला विचाराल तर आधी शेततळंच बरं. रोहू, कटला, मृगळ विरळ सोडा, पाणी ठिबकला द्या. शेवाळाने ड्रिपर बुजतात, सँड फिल्टर वरचेवर धुवा. आणि फवारणीचा पंप तळ्यात अजिबात विसळू नका.