बंदरपट्टी, जंगलपट्टी आणि मधलं बोईसर

पालघरकडची जुनी माणसं आपल्या मुलखाचे दोन भाग सांगतात: बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. रेल्वेच्या पश्चिमेला सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर, चिंचणी ही मांगेल्यांची, वाडवळांची गावं. पूर्वेला मनोर, विक्रमगड, जव्हारकडे चढत जाणारं वारल्यांचं आणि कातकऱ्यांचं रान. मृगाच्या सरी पडल्या की जंगलपट्टीतल्या बाया शेवळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बंदरपट्टीत उतरत आणि परतताना सुके बोंबील, जवळा, मीठ घेऊन जात. भाजी आणणारी बाई दारात उभी असायची, त्यामुळे ती कुठल्या डोंगरावरची हे विचारून घेता यायचं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत हे येणं-जाणं विरळ होत गेलं. ते आपोआप झालं, लोक विसरले, असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

आधी शेवळाबद्दल. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती. पान फुटायच्या आधी जमिनीतून तिचा जांभळट कोंब वर येतो, तोच खायचा. सगळा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. वरचं पातं सोलायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. तेवढ्यानेही घशाची खाज टळत नाही. म्हणून सोबत काकडं हवीत. ही वेलीवरची काकडी नव्हे, काकड नावाच्या झाडाची आवळ्याएवढी आंबट फळं. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा. शेवळं विकणारी बाई काकडं वाट्यावर ठेवूनच देते, मागावी लागत नाहीत. मग वाडवळांच्या घरात त्यात कोलंबी किंवा सोडे पडतात. रानातला कोंब, रानातलंच फळ आणि समुद्रातली कोलंबी एका पातेल्यात शिजते. या मुलखाचं याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही.

कडूकंदाची गोष्ट वेगळी. हा कंद तसाच खाल्ला तर बाधतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. एवढा खटाटोप कोणी हौसेने करत नाही. श्रावण-भाद्रपदात कणगी रिकामी झालेली आणि भात अजून पोटरीत, त्या दिवसांचं हे अन्न. रानातून मिळणाऱ्या अन्नाबद्दल लिहिताना ही भूक झाकून चालणार नाही. 1992 साली जव्हारजवळच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला या भागाचं नाव कळलं. भोवती डोंगर होतेच. मग त्या डोंगरांतून पोट का भरत नव्हतं?

उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं. 1878 च्या वन कायद्याने रानं राखीव झाली आणि पिढ्यान् पिढ्या तिथे वावरणारा माणूस परवानगी मागणारा झाला. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. सरकारला दारूचा महसूल हवा होता. पण मोह म्हणजे नुसती दारू नव्हे. फुलं वाळवून साठवली जातात, भाजून, उकडून खाल्ली जातात, फळांची भाजी होते, बियांचं तेल निघतं. उन्हाळ्यातला एक आधारच कायद्याने गुन्ह्याच्या खात्यात टाकला. उरलेलं सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदारांनी केलं. मुंबईच्या तबेल्यांना गवत लागे, ते कापायला वारली वेठीला. वारल्यांच्या 1945 च्या उठावात गवतकापणीची मजुरी ही एक मुख्य मागणी होती. त्या उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते दिवस नोंदवून ठेवले आहेत. रानाशी नातं तुटण्याची सुरुवात तिथे आहे, आपल्या मोबाइलच्या आणि मॉलच्या कितीतरी आधी.

मग बंदरपट्टीची पाळी आली. 1969 मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. पुढे एमआयडीसी आली आणि बोईसर हे स्टेशनाचं लहानसं गाव चाळी-इमारतींचं शहर झालं. रोजगार आला, हे खरं. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून माणसं आली, जंगलपट्टीतली पोरंही कंपन्यांत ठेकेदाराकडे लागली. अणुकेंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. गाव उठतं तेव्हा घरांचा मोबदला ठरतो. कोणत्या खडकावर कालवं धरतात, कोणत्या चिखलात निवट्या सापडतात, या माहितीला सातबारा नसतो.

खाडीचं जे झालं ते डोळ्यांनी दिसण्यासारखं आहे. ओहोटीला खडकांवरून कालवं फोडून काढणाऱ्या, शिंपल्या वेचणाऱ्या बायकांना नौका, जाळी, डिझेल काही लागत नसे. भरती-ओहोटीचं गणित पाठ असलं की पुरे. त्याच किनाऱ्याकडे कारखान्यांचं सांडपाणी वळलं. 2018 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर 93.69 गुणांसह पहिलं आलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि 2022 मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाई भरायला सांगितली. मासळी बाजारात आज गिऱ्हाईक विचारतं, ‘खाडीची आहे की बाहेरची?’ पूर्वी खाडीची म्हटलं की ताजी म्हणून भाव वाढे. आता त्याच शब्दाने हात मागे जातो.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. दिवाळीनंतर जंगलपट्टीतली कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे शेवळं, टाकळा, कुर्डू, करटोली, वास्ते हे पावसाळी अन्न मुलांना अजून थोडंफार ओळखता येतं. पण मोह फुलतो फाल्गुन-चैत्रात. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायला नेमकी तेव्हाच मुलं गावात नसतात, भट्टीवर कच्च्या विटा उलटत असतात. ज्ञान असं ऋतूच्या हिशोबाने गळतं. शाळेत जाणाऱ्या मुलांचंही फार वेगळं नाही. डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात शाळा नेली होती. आज आश्रमशाळेतल्या मुलाला घरचं रान सुट्टीपुरतं भेटतं.

हे जगणं चित्रांत मात्र टिकून आहे. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रांत माणसं मासे धरताना, खेकडे पकडताना, माडावर चढताना दिसतात. ही चित्रं आता हॉटेलांच्या भिंतींवर आहेत. चित्राला मान मिळाला याचा आनंद आहे. चित्रातल्या बाईला रानात जाताना जंगल खात्याचा गार्ड अडवत होता, याचं दुःखही तितकंच खरं आहे.

अलीकडे कृषी खातं ऑगस्टमध्ये रानभाज्यांचे महोत्सव भरवतं. पाककृतींच्या पुस्तिका निघतात, शहरातले लोक उत्साहाने येतात. चांगलंच आहे. मात्र मागणी वाढली की शेवळं वाढतात असं नाही. कोंब म्हणजे त्या झाडाचं फुलच, सगळे खुडले तर बी धरायला काही उरत नाही. जाणत्या बाया काही कोंब मुद्दाम सोडून पुढे जातात. कंद काढतानाही वेलाचा शेंडा परत मातीत रोवतात. मुंबईच्या बाजारासाठी घाऊक खुडणाऱ्याला हे कोण सांगणार? 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, त्यामुळे सकाळी तोडलेली भाजी दुपारी दादरला पोहोचते. बाईच्या हातात मात्र वाट्याचे मोजके पैसेच पडतात, त्यातही गिऱ्हाईक घासाघीस करतं. ही घासाघीस तरी आपण बंद करावी, असं मला कळकळीने वाटतं.

कायद्याने काही गोष्टी परत दिल्या आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला, गावाला आपलं रान सामूहिकपणे राखण्याचा अधिकार दिला. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध उठवले. जंगलपट्टीचं थोडं तरी मार्गी लागलं. बंदरपट्टीसाठी असा कायदा नाही. ओहोटीचे खडक कुणाच्या नावावर नसतात. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, आणि वाढवणचा खडकाळ किनारा त्यातच येतो. जहाजं किती येतील, नोकऱ्या किती लागतील, याचे आकडे जाहीर झालेत. त्या खडकांवर आजही कालवं काढणाऱ्या बायकांची मोजदाद कोणत्या रकान्यात झाली, हे त्यांना कुणीतरी गावात येऊन सांगायला हवं.