अर्भकासाठी मालवाहू सायकल
कोपनहेगनच्या ख्रिस्तियानिया वस्तीत १९८४ साली घडविलेल्या मालवाहू सायकलीत पुढील दोन चाकांमध्ये पेटी असते. तीत आता मुलेही बसवितात. तीन चाकांमुळे ही सायकल उभी असता कलंडत नाही. परंतु वळणावर ती दुचाकीप्रमाणे आत झुकत नाही. म्हणून वेगाने वळल्यास तिचे आतील चाक उचलले जाते. नेदरलँड्समधील लांब मालवाहू दुचाकी झुकते, मात्र थांबताना तोल चालकासच सांभाळावा लागतो. पेटी जमिनीलगत असल्यास गुरुत्वमध्य खाली राहतो, हे दोहोंस लागू.

तथापि अर्भकाच्या बाबतीत खरा प्रश्न मानेचा आहे. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड, मान दुर्बल; रस्त्याचा प्रत्येक हादरा तिलाच सोसावा लागतो. बाळ आधाराविना बसू लागेपर्यंत सायकल खुशाल निवडून ठेवावी, बाळास मात्र तीत बसवू नये.